वाटाड्याचे नाव



आगमनकाळ सुरू झाला आहे. वेदीवर जांभळे वस्त्र चढले आहे आणि घरोघरी मुलांची गोठ्याच्या तयारीची लगबग दिसू लागली आहे. अशा दिवसांत प्रवासवर्णन लिहावयास बसणे आपणांस कदाचित विचित्र वाटेल. परंतु ऑगस्टच्या अखेरीस मी मॉरिशस बेटावर जाऊन आल्यापासून आपल्यापैकी अनेकांनी, विशेषतः धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी, "फादर, तिकडे काय काय पाहिलेत ते लिहा ना!" असा माझ्यामागे लकडा लावला आहे. मी आजवर ते टाळले. का टाळले, ते लेखाच्या शेवटी आपल्या ध्यानी येईल. प्रथम आपण बेटाची फेरी करून येऊ.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील एक चिमुकले बेट आहे. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरांवर ते आहे. त्याची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे बेळगावहून गोकाकपर्यंत जावे, एवढ्यात हे बेट संपते. समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर काढलेली ही भूमी. तिच्याभोवती प्रवाळाचे कडे आहे. महासागराच्या लाटा त्या कड्यावर आदळून फुटतात आणि आतले पाणी काचेसारखे निवांत राहते. या बेटाला मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. इ. स. १५९८ मध्ये डच खलाशी तेथे उतरले व त्यांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्रावरून बेटाचे नाव ठेवले. उडता न येणारा डोडो हा पक्षी त्यांना तेथे आढळला आणि शंभर वर्षे पुरी होण्याच्या आत तो पृथ्वीवरून नाहीसा झाला. डचांनी जावा बेटातून ऊस आणला, हरणे आणली आणि मादागास्करहून गुलाम आणले. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. आणि १२ मार्च १९६८ रोजी ते स्वतंत्र झाले. आज तेथे साडेबारा लाखांच्या आसपास लोक राहतात. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश भारतीय वंशाचे आहेत व सुमारे चौथा हिस्सा कॅथॉलिक आहे.

बेटाच्या उत्तर भागात सेवा करणाऱ्या एका धर्मगुरू-मित्राने मला बोलाविले होते. त्याला त्या आठवड्यात दोन विवाह आणि एक अंत्यविधी यांमुळे क्षणाची फुरसत नव्हती. म्हणून त्याने एका सकाळी मला प्रवाशांना बेट दाखविणाऱ्या एका लहान मोटारीत बसवून दिले. आम्ही दहा जण होतो. गुजरातेतील एक नवविवाहित जोडपे, शेजारच्या रेयुनियों बेटावरील एक मोठे कुटुंब, युरोपातील एक वृद्ध शिक्षक व त्यांची पत्नी, आणि मी. हातात एक छापील कागद मिळाला. त्यावर स्थळांची नावे, प्रत्येक ठिकाणी किती मिनिटे थांबावयाचे ते आणि परत येण्याची वेळ छापलेली होती.

गाडी हाकणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच होता. वय पंचावन्नच्या पुढे, आफ्रिकन वंशाचा, केस पिकलेले, अंगात इस्त्री केलेला पांढरा सदरा. प्रारंभीच त्याने सर्वांना नमस्कार केला, इंग्रजीत व फ्रेंचमध्ये स्वागताची दोन वाक्ये सांगितली आणि आपले नावही सांगितले. ते नाव माझ्या कानांवरून गेले. मनात शिरले नाही. त्यानंतर दिवसभर आम्ही सर्व जण त्याला "गाइड" एवढेच म्हणत राहिलो. आपल्या सोज्वळ मराठीत त्याला वाटाड्या म्हणतात. मीही येथे तोच शब्द वापरतो.

राजधानी पोर्ट लुईमधून जाताना बंदराच्या बाजूस एक जुनी दगडी वास्तू दिसली. "आप्रवासी घाट," वाटाड्या म्हणाला. पण कागदावर त्या स्थळाचे नाव नव्हते, म्हणून गाडी थांबली नाही. त्या घाटाचा इतिहास आपल्याला ठाऊक असावयास हवा. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. मळेवाल्यांना गुलाम गमावल्याची भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या घाम गाळला त्या गुलामांना एक छदामही मिळाला नाही. मग उसाच्या मळ्यांत राबावयाचे कोणी? मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळलेलीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून तेथे उतरले होते. त्यानंतर सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे कराराने बांधून त्या बेटावर नेण्यात आली. बिहारची, आंध्राची, तामिळ देशाची; आणि मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत आपल्या कोकणातील मराठी माणसेही होती. करार पाच वर्षांचा, मजुरी महिन्याला पाच रुपये. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापावयाची, असा नियम. बंदरावर उतरल्यावर आगाराच्या सोळा पायऱ्या चढून ही माणसे वर जात. त्या पायऱ्या अद्याप आहेत. २००६ साली ते स्थान जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आले. आमच्या गाडीच्या खिडकीतून ते दृष्टीआड होण्यास अर्धे मिनिटही लागले नाही.

शहर मागे पडले आणि दोन्ही बाजूंस उसाचे फड सुरू झाले. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला त्यात नवल ते काय! परंतु एक गोष्ट मी प्रथमच पाहिली. फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग रचलेले होते, एखाद्या मनोऱ्यासारखे. मी विचारले तेव्हा वाटाड्या म्हणाला, "ज्वालामुखीची भूमी आहे, फादर. नांगर चालावा म्हणून हे धोंडे हातांनी वेचून काढले. आधी आमच्या लोकांनी, मग तुमच्या लोकांनी." एवढे बोलून त्याने पुढील स्थळाची माहिती सांगावयास आरंभ केला.

क्युरपिप या गावी ज्वालामुखीचे एक विझलेले तोंड आहे. सुमारे ६०० मीटर उंचीवर, तीनशे मीटरांहून अधिक रुंदीचा तो एक विस्तीर्ण खोलगा आहे. आत घनदाट झाडी वाढली असून तळाशी थोडेसे पाणी आहे. ज्या मुखातून कधी अग्नीचा लोट बाहेर पडला असेल, तेथे आता पक्षी घरटी बांधतात. हवा गार होती, पावसाची भुरभुर चालू होती. आम्ही काठावरून एक प्रदक्षिणा घातली, छायाचित्रे काढली आणि कागदावरील मिनिटे संपताच परत गाडीत बसलो.

तेथून गंगा तलाव. हाही ज्वालामुखीच्या मुखात साठलेला जलाशय आहे. आपल्या हिंदू बांधवांना तो अत्यंत पवित्र आहे. १९७२ साली गंगेचे पाणी आणून त्यात मिसळण्यात आले. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यातून लक्षावधी यात्रेकरू, कित्येक तर रात्रंदिवस पायी चालत, खांद्यावर सजविलेल्या कावडी घेऊन तेथे येतात. रस्त्याच्या कडेस ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. ज्यांच्या पूर्वजांना एका गाठोड्याखेरीज काहीही बरोबर नेता आले नाही, त्यांनी आपली गंगा मनातून नेली आणि परक्या भूमीवर तिला जागा करून दिली. त्या श्रद्धेपुढे मी आदराने क्षणभर उभा राहिलो.

वाहनतळापाशी एक प्रौढ बाई अननसाच्या फोडी मीठ, मिरची आणि चिंच लावून विकत होती. माझ्या शबनम पिशवीवरील मराठी अक्षरे पाहून ती थबकली आणि तिने एकेक अक्षर लावीत ती वाचली. तिची रोजची भाषा क्रिओल. मराठी ती शाळेत शिकलेली. मॉरिशसच्या शाळांतून मराठी हा विषय आजही शिकविला जातो आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. "आम्ही मराठी," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. मग इंग्रजीत सांगू लागली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत. तिच्या भावाने तेथे शोध घेतला, तेव्हा त्यांच्या पणजोबाचा कागद निघाला. नाव, बापाचे नाव, वय, अंगावरील खूण, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील गावाचे नाव. तिने ते गाव पाहिलेले नाही. पाहणे होईल की नाही हेही तिला ठाऊक नाही. पण ते नाव उच्चारताना तिचा चेहरा असा उजळला की जणू तेथून कोणी तिला हाक मारली असावी. तिने अननसाचे पैसे घेतले नाहीत.

गाडीत बसताना मी ही हकीकत वाटाड्याला उत्साहाने सांगितली. तो ऐकून म्हणाला, "भाग्यवान आहेत ते." एवढेच. त्या शब्दांत काय होते, ते मला त्या वेळी कळले नाही.

पुढे काळ्या नदीच्या खोऱ्यांचे अरण्य आले. १९९४ साली राखीव करण्यात आलेले हे राष्ट्रीय उद्यान. कठड्यावरून खाली पाहिले की हिरव्या दऱ्या थेट समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या दिसतात. त्यानंतर शामारेल. तेथील धबधबा पाहून आपल्या गोकाकची आठवण झाली. जवळच सात रंगांची माती आहे. ज्वालामुखीचा खडक झिजून झिजून त्याची माती झाली; त्यातील लोहामुळे व इतर धातूंमुळे तांबडे, तपकिरी, जांभळे, पिवळे असे पट्टे उमटले. पाऊस कितीही कोसळला तरी ते रंग एकमेकांत मिसळून जात नाहीत, असे म्हणतात. गवताचे पातेही तेथे उगवत नाही. आमच्यातील गुजराती वधूने चिमूटभर माती उचलावयास हात पुढे केला, तेव्हा वाटाड्याने तिला हळुवारपणे थांबविले. "येथे येणारा प्रत्येक जण चिमूटभर नेईल, तर आमच्या नातवंडांना काय उरेल, बाई?" तो म्हणाला.

दुपारच्या जेवणास इतर मंडळी उपाहारगृहात गेली. मी बाहेरच राहिलो. वाटाड्याने रस्त्यावरच्या गाड्यावरून दोन ढोल-पुऱ्या आणल्या व एक माझ्यापुढे धरली. डाळ भरलेली मऊ पोळी, वर कालवण आणि चटणी. म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणावयाची. भारतीय मजुरांनी आणलेले हे अन्न आता साऱ्या बेटाचे झाले आहे. झाडाखाली बसून आम्ही दोघे जेवलो. त्याने जेवणापूर्वी क्रुसाची खूण केली, तेव्हा कोठे मला समजले की हा आपल्याच धर्मसभेतील बंधू आहे.

दुपारनंतर आम्ही ल मॉर्न या डोंगराच्या पायथ्याशी आलो. समुद्राच्या काठावर एकाएकी ५५६ मीटर उंच उठलेला हा कडा आहे. खाली पांढरी वाळू, निळे पाणी, नारळीसारखी झाडे आणि वैभवशाली विश्रामगृहे. छापील कागदावर "रम्य समुद्रकिनारा, पाऊण तास" असे लिहिले होते. सर्व जण पाण्याकडे धावले. वाटाड्या मात्र गाडीला टेकून डोंगराकडे पाहत उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेलो आणि या डोंगराविषयी विचारले.

"विचाराल तरच सांगतो," तो म्हणाला. "मंडळी सुट्टी घालवावयास आलेली असतात, त्यांचे मन का खिन्न करावे?"

मग त्याने सांगितले. गुलामगिरीच्या काळी मळ्यांतून पळालेली माणसे या दुर्गम कड्यावर लपून राहत. परंपरा अशी सांगते की, १८३५ साली गुलामगिरी रद्द झाल्यावर शिपायांची एक तुकडी ही आनंदाची वार्ता सांगण्यासाठी डोंगर चढू लागली. वर असलेल्यांना वाटले, आपल्याला पकडावयास आले. पुन्हा साखळदंड नको, म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही मुक्तीची वार्ता कानी पडण्यापूर्वीच ते गेले. ही कथा कागदोपत्री सिद्ध होणारी नाही. ती लोकांच्या ओठांवर जगली आहे. २००८ साली हा डोंगरही जागतिक वारशात गणला गेला.

"त्यांची नावे?" मी विचारले.

"कोणाला ठाऊक?" तो म्हणाला. "फादर, त्या अननसवाल्या बाईला तिच्या पणजोबाचे गाव सापडले. माझे पूर्वज मोझांबिकचे की मादागास्करचे, हेदेखील मला ठाऊक नाही. मूळ नावे जहाजातच पुसली गेली. मालकाला सुचले ते नाव त्यांनी लावले. आमच्या घराण्याचा पहिला कागद म्हणजे माझ्या खापरपणजीच्या स्नानसंस्काराची नोंद. एकच नाव. आडनाव नाही, आईबापांची नावे नाहीत. खाली धर्मगुरूची सही. पण त्या दिवसापासून आम्ही आहोत."

बंधुभगिनींनो, मी गेली अठरा वर्षे स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नावे लिहीत आलो आहे. कित्येकदा घाईत, कित्येकदा कंटाळून. एखाद्या कुटुंबाचे अस्तित्व त्या एका ओळीपासून सुरू होत असेल, हा विचार माझ्या मनाला तोवर कधी शिवला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी परतीचा प्रवास सुरू झाला. पश्चिम किनाऱ्याने गाडी पुन्हा पोर्ट लुईकडे आली. शहरालगत सांत क्र्वा, म्हणजे पवित्र क्रूस, नावाची वस्ती आहे. तेही स्थळ कागदावर नव्हते. वाटाड्याने सर्वांना विनंती केली, "दहा मिनिटे द्याल का? आमच्याबरोबर एक धर्मगुरू आहेत. येथवर येऊन त्यांनी या दाराशी न थांबता जाणे बरे नव्हे." कोणी हरकत घेतली नाही.

तेथे धन्यवादित जाक-देझिरे लाव्हाल यांची समाधी आहे. त्यांचे चरित्र मी आपल्याला थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याकडे फारसे परिचित नाही. १८०३ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात त्यांचा जन्म झाला. ते प्रथम वैद्य होते. वैद्यकी उत्तम चालली होती आणि देवाधर्माकडे फारसे लक्ष नव्हते. मग त्यांचे मन पालटले, वैद्यकी सोडून ते सेमिनरीत गेले आणि १८३८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १४ सप्टेंबर १८४१ रोजी ते मॉरिशसला उतरले. गुलामगिरी कायद्याने संपून सहा वर्षे झाली होती. परंतु मुक्त झालेल्यांना ना जमीन होती, ना शिक्षण, ना मान. आपल्या धर्मसभेचे हातही त्या बाबतीत स्वच्छ नव्हते, हे मान्य केले पाहिजे. १७२३ च्या फ्रेंच कायद्याने प्रत्येक गुलामाला स्नानसंस्कार देण्याची आज्ञा केली होती, आणि त्याच कायद्याने त्याला मालकाची जंगम मालमत्ता ठरविले होते. ज्याच्या मस्तकावर पवित्र पाणी घातले, त्यालाच बाजारात विकले!

फादर लाव्हाल यांनी त्या लोकांची क्रिओल बोली शिकून घेतली. त्या बोलीत साधे धर्मशिक्षण तयार केले. दिवसभर राबून आलेल्यांसाठी रात्री वर्ग भरविले. त्यांच्यातूनच स्त्रीपुरुष धर्मशिक्षक घडविले व वस्त्यावस्त्यांतून लहान कपेले उभारली. गोऱ्या मळेवाल्यांनी त्यांची चेष्टा केली, त्यांना विरोध केला. त्यांनी तो सोसला आणि तेवीस वर्षे ते तेथेच राहिले. मायदेशी एकदाही परतले नाहीत. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते देवाघरी गेले. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या पोपमहोदयांनी धन्यवादित केलेले ते पहिलेच. १९८९ साली पोप दुसरे जॉन पॉल त्या बेटावर गेले, आणि ९ सप्टेंबर २०१९ रोजी, बरोबर फादर लाव्हाल यांच्या स्मृतिदिनी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या समाधीपाशी प्रार्थना केली.

दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री, म्हणजे आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो त्याच रात्री, हजारो लोक बेटाच्या चारी दिशांनी पायी चालत या समाधीकडे येतात. कॅथॉलिक येतात, हिंदू येतात, मुसलमान येतात. मी गेलो तेव्हा तो दिवस जेमतेम दहा-बारा दिवसांवर होता. समाधीवर त्यांची निजलेली प्रतिमा आहे. एक साडी नेसलेली वृद्धा त्या प्रतिमेच्या पायांना हात लावून डोळे मिटून उभी होती. वाटाड्या गुडघे टेकून माझ्या शेजारी बसला. बाहेर पडताना तो म्हणाला, "माझी आजी सांगे, यांनी आम्हांला माणसासारखे बोलाविले. दुसरे काही दिले नसते तरी पुरे होते."

तेव्हा मी त्याच्याकडे वळून विचारले, "आपले नाव काय?"

तो हसला. "सकाळीच सांगितले होते, फादर." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. रोज असेच होत असावे. त्याने पुन्हा नाव सांगितले. मी ते माझ्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

आता, मी हे लिहिणे का टाळत होतो ते सांगतो.

त्या रात्री मित्राच्या घरी मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे आप्रवासी घाटाच्या पायऱ्या नव्हत्या, ल मॉर्नचा कडाही नव्हता. डोळ्यांपुढे आपल्या ओढ्यापलीकडचा माळ होता. दरवर्षी गाळपाचा हंगाम सुरू झाला की त्या माळावर ऊसतोड्यांच्या कोप्या पडतात, हे आपण सर्व जाणतो. मुकादमाकडून उचल घेतलेली ही माणसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीनला उठून ती थंडीत फडावर जातात. उपसंपर्क कपेलात मिस्सा अर्पण करावयास जाताना माझी मोटारसायकल दर रविवारी त्या कोप्यांवरून जाते. मी त्यांना पाहत होतो. खिडकीतून आप्रवासी घाट पाहावा तसा.

गेल्या फेब्रुवारीत त्या कोप्यांतील एक तान्हे मूल तापाने दगावले. मला ते चार दिवसांनी कळले, तेही पाववाल्याकडून. धर्मग्रामाची जीप आवारात उभी होती. तालुक्याचे रुग्णालय दूर नाही. रात्री आपल्या दारी यावे असे त्या आईबापांना वाटले नाही. कारण आपण त्यांना कधी एका शब्दानेही बोलाविले नव्हते. आणि ती वार्ता कळल्यावर मी काय केले? "अरेरे!" म्हणालो आणि जेवावयास बसलो. मुलाचे नाव मी विचारले नाही. सहा हजार रुपयांचा नवा ध्वनिवर्धक घ्यावा की नाही, याची त्या संध्याकाळी आपल्या समितीत दोन तास चर्चा झाली. तिचा अध्यक्ष मीच होतो.

हजारो मैल दूर जाऊन मी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या मळेवाल्यांवर संतापलो. उसाच्या फडात राबणारा निनावी माणूस मात्र माझ्या घरापासून अर्ध्या कोसावर होता.

नोव्हेंबरात तीच टोळी पुन्हा आली. मी एका संध्याकाळी पायी गेलो. प्रथम कोणी बोलेना. पांढरा झगा पाहून मुले कोपीत पळाली. मी एका दगडावर बसलो व माझे नाव सांगितले, माझ्या गावाचे नाव सांगितले. मग एका म्हातारबाबांनी आपले नाव सांगितले. हळूहळू सगळ्यांनी सांगितले. शेवटी ती माऊली चुलीपासून उठून आली. मी तिला विचारले, "ताई, बाळाचे नाव काय ठेवले होते?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने नाव सांगितले आणि म्हणाली, "बाबा, इकडं कुणी इचारलंच न्हवतं."

ते नाव मी येथे लिहीत नाही. ते तिचे आहे. परंतु दररोज मिस्साच्या वेळी मृतांचे स्मरण करताना ते मी मनात घेतो. त्या चिमण्या जिवाचे नाव देवाला ठाऊक होतेच. ठाऊक नव्हते ते मला.

बंधुभगिनींनो, चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. मी त्या शब्दांवर कितीतरी प्रवचने दिली. आता त्यांप्रमाणे वागण्याचा प्रयत्न करू इच्छितो, आणि त्यात मला आपली सोबत हवी आहे. या आगमनकाळात प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी त्या माळावर जावे. जुने कपडे घेऊन जाणे हे पहिले काम समजू नका. धर्म विचारू नका, जात विचारू नका. नाव विचारा, आणि आपलेही सांगा. त्यांची मुले दिवसभर कोप्यांतच असतात. आपल्या शाळेतील शिक्षकांनी त्यांच्यासाठी संध्याकाळी एक तास देण्याचे कबूल केले आहे, ज्या तरुणांना मदत करावयाची असेल त्यांनी रविवारी मला भेटावे. आणि धर्मग्रामाची जीप रात्री कोणत्याही वेळी रुग्णासाठी निघेल. चालकाला उठवावयास कोणाची परवानगी लागणार नाही. हा निरोप मी कोप्यांत दिला आहे. पण आपल्यापैकी कोणी पुन्हा दिला तर त्यावर त्यांचा विश्वास बसेल.

मुलांनी मॉरिशसविषयी विचारले होते. मुलांनो, ते बेट खरोखर सुंदर आहे. तेथे सात रंगांची माती आहे, विझलेला ज्वालामुखी आहे आणि काचेसारखा समुद्र आहे. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी तेथे गेले तर हे सर्व अवश्य पाहा. मात्र सकाळी वाटाड्या आपले नाव सांगतो, तेव्हा नीट लक्ष देऊन ऐका.

गोठ्यात जन्मलेला प्रभू, ज्याच्या मातापित्यांना कोणी घरात घेतले नाही, तो आपल्या सर्व घरांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू